अतिनील फोटोग्राफीची दुर्मिळ भिंगं: जमवायची की वापरायची?

काचवेडा

जुन्या भिंगांच्या धाग्यावर यूव्ही-निक्कॉरचा (निकॉनच्या अतिनील फोटोसाठीच्या भिंगाचा) विषय निघाला आणि मूळ चर्चा भलतीकडेच गेली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल: अतिनील फोटोग्राफीतली नावाजलेली दुर्मिळ भिंगं अप्रतिम आहेत, पण लोक ती ज्या कारणासाठी घेतात ते कारण बहुतेकांना लागूच होत नाही.

कारण कोणतं, तर "क्वार्ट्झची काच जास्त अतिनील आत सोडते". खरं आहे, सोडते. साधी काच ३५० नॅनोमीटरच्या खाली हळूहळू दार लावून घेते, तर वितळवून केलेला शुद्ध सिलिका (हीच ती क्वार्ट्झची काच) दोनशेच्याही खालपर्यंत पारदर्शक राहतो आणि कॅल्शियम फ्लोराइड, म्हणजे फ्लोराइट, त्याहूनही खाली जातो. पण उन्हात फोटो काढताना तिथे असतं काय? ओझोनच्या थरामुळे सूर्याचा अतिनील प्रकाश जमिनीवर येईपर्यंत २९५-३०० नॅनोमीटरच्या आसपास संपलेला असतो. वरच्या टोकाला ४०० धरा. उरली शंभर नॅनोमीटरची पट्टी. त्यातही आपल्या नेहमीच्या रंगीत सेन्सरवर सूक्ष्मभिंगं आणि रंगांची जाळी असते. पुढचं फिल्टर काढून कॅमेरा 'फुल स्पेक्ट्रम' केला तरी ३४०च्या खाली फारसं काही नोंदलं जात नाही. म्हणजे प्रत्यक्षात आपण ३४० ते ४०० मध्येच खेळतो. या पट्टीत कितीतरी जुनी, साधी, एकपदरी कोटिंगची भिंगं व्यवस्थित काम करतात.

मग दुर्मिळ भिंगांचं मोठेपण कशात? फोकसमध्ये. १९८० च्या दशकात आलेलं यूव्ही-निक्कॉर १०५ मिमी एफ/४.५ घ्या. आत सहा घटक (सहा काचा), सहाही सुटे, क्वार्ट्झ आणि फ्लोराइटचे. पल्ला साधारण २२० ते ९०० नॅनोमीटर. दृश्य प्रकाशात फोकस केलं, वर अतिनील फिल्टर चढवला, क्लिक. फोकस हलत नाही. साध्या भिंगात तो हलतो आणि दर वेळी नव्याने शोधावा लागतो. हे समजण्यासाठी एकदा तरी वाऱ्यात हलणारं फूल समोर ठेवून, जवळजवळ काळ्या स्क्रीनवर फोकस शोधून पाहावं.

बाकीची नावं थोडक्यात. पेंटॅक्सचं अल्ट्रा-अॅक्रोमॅटिक टाकुमार ८५ मिमी एफ/४.५ (स्क्रू माउंट, क्वार्ट्झ आणि फ्लोराइट). झाइसचं यूव्ही-सोनार १०५ मिमी एफ/४.३, हॅसलब्लाडसाठी. अपोलो मोहिमांमध्ये पृथ्वी आणि चंद्राचे अतिनील फोटो १०५ मिमीच्या अतिनील भिंगाने काढले गेले आणि त्यासाठी यानाच्या एका खिडकीला खास अतिनील सोडणारी काच होती. खिडकीच अतिनील अडवत असेल तर भिंग कितीही भारी असून काय उपयोग! आणि अलीकडचं म्हणजे कोस्टल ऑप्टिक्सचं ६० मिमी एफ/४, ज्याचा पल्ला ३१५ ते ११०० नॅनोमीटर आहे. मला व्यक्तिशः हे शेवटचं सगळ्यात शहाणं वाटतं. २२० पर्यंत जाण्याचा हट्ट सोडला आणि जिथे लोक खरंच फोटो काढतात त्या पट्टीत सगळं लक्ष घातलं.

तर, कोणाकडे काय आहे, कसं वापरता, लिहा.

तळघर

धागा वाचला आणि रक्तदाब वाढला. :)

काचवेडा, तुमचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. दुर्मिळ भिंग "लागतं का" हा प्रश्नच चुकीचा. ही भिंगं फार थोडी बनली, प्रयोगशाळांसाठी, पोलीस तपासासाठी, संशोधनासाठी. प्रयोगशाळा बंद झाली की ती भंगारात जातात, कारण समोरच्याला ते जुनं काळं मॅन्युअल भिंग वाटतं. माझ्याकडचं यूव्ही-निक्कॉर मूळ फिल्टर आणि डब्यासकट आहे, आणि मी ते वापरत नाही. हो, वापरत नाही. फ्लोराइट मऊ असतं, काचेपेक्षा सहज ओरखडतं, अचानक तापमान बदललं तर तडकू शकतं. पुढे कोणाला तरी या भिंगाची रचना समजून घ्यायची असेल तेव्हा एक तरी नग धड असावा.

रानफूल

तळघर दादा, डब्यातल्या भिंगाला कसला आलाय अतिनील? :)

मी फक्त फुलं काढते. माझं सगळं काम एका जुन्या एल-निक्कॉर ८० मिमी एफ/५.६ वर चालतं, तेच धातूच्या अंगाचं, डार्करूममध्ये एन्लार्जरला लावायचे ते. एम-३९ चा आटा, मागे एम-४२ चं हेलिकॉइड (फिरवून भिंग पुढेमागे करायची नळी), त्यामागे मिररलेस कॅमेऱ्याचा अॅडॉप्टर. एवढंच. त्याला स्वतःचं फोकस नाही, सगळं हेलिकॉइडवर. जवळचं हवं असेल तर मध्ये आणखी एक नळी.

नवीन लोकांसाठी एक गोष्ट सांगते, जी भिंगापेक्षा महत्त्वाची आहे. कोणतं फूल काढताय ते बघा! रुडबेकिया, गझानिया, सूर्यफूल ही आपल्याला पिवळी-नारिंगी एकसारखी दिसतात, पण अतिनीलमध्ये पाकळ्यांची टोकं उजळ आणि बुडखा काळाकुट्ट. मधमाशीसाठी तो नेम धरायचा गोल. पांढऱ्या फुलांचं बरेचदा उलटं असतं, सगळी पाकळी काळपट येते आणि आपण हिरमुसतो. म्हणून भिंगाची परीक्षा रुडबेकियावर करावी, पांढऱ्या फुलावर नाही.

शंकासूर

माझ्याकडे ३६५ नॅनोमीटरची टॉर्च आहे. अंधारात विंचू, टॉनिक वॉटर, काही दगड चमकताना फोटो काढले आहेत, तेही साध्या किट लेन्सने. मग हे क्वार्ट्झचं प्रकरण कशाला? माझं काय चुकतंय?

प्रकाशमापी

शंकासूर, चुकत काही नाही, तुम्ही वेगळा खेळ खेळताय.

तुमच्या फोटोत अतिनील प्रकाश वस्तूवर पडतो, वस्तू तो गिळते आणि दृश्य प्रकाश बाहेर टाकते. भिंगातून जातो तो हा दृश्य प्रकाश. त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. तिथे भिंगाने अतिनील सोडू नये हेच बरं. उलट भिंगापुढे अतिनील अडवणारा फिल्टर लावला तर रंग स्वच्छ येतात. हा धागा आहे परावर्तित अतिनीलाचा. वस्तूने जो अतिनील प्रकाश परत फेकला तोच सेन्सरपर्यंत न्यायचा आणि दृश्य व अवरक्त दोन्ही अडवायचे. तिथे कॅमेरा बदलावा लागतो, फिल्टर लागतो आणि मग भिंगाचा प्रश्न येतो.

काचवेडांच्या मुद्द्याला अनुमोदन, पण एक भर घालतो. फोकस का हलतो? एकाच काचेच्या भिंगात तरंगलांबी कमी झाली की अपवर्तनांक वाढतो आणि किरण अलीकडे एकत्र येतात. पण फोटोग्राफीची भिंगं अशी एका काचेची नसतात. त्यात लाल आणि निळा एका जागी आणलेला असतो. असं केल्यावर कोणत्या तरंगलांबीचा फोकस कुठे पडतो हे दाखवणारा वक्र मध्ये वाकतो, आणि त्या दुरुस्तीच्या बाहेर पडलेले दोघंही, इकडे अतिनील आणि तिकडे अवरक्त, पुन्हा मागे सरकतात. म्हणून दृश्य प्रकाशासाठी फार काटेकोर बनवलेलं भिंग अतिनीलमध्ये चांगलं असेलच असं नाही.

आणि ही दुर्मिळ भिंगं सगळी एफ/४.५ च्या आसपास, म्हणजे कमी प्रकाश घेणारी, का? सिलिकाचा अपवर्तनांक साधारण १.४६, कॅल्शियम फ्लोराइडचा १.४३. दोन्ही कमी. प्रकाश वाकवायला पृष्ठभाग जास्त गोल करावे लागतात, दोष वाढतात. शिवाय डिझायनरच्या हातात पत्तेच दोन. दृश्य प्रकाशासाठी शेकडो प्रकारच्या काचा असतात, इथे जेमतेम दोन-तीन पदार्थ. त्यातून २२० ते ९०० सांभाळणारं भिंग काढणं ही कसरत आहे. तेव्हा तळघर यांचा अभिमान मला समजतो.

तळघर

धन्यवाद प्रकाशमापी. कोणीतरी समजून घेतलं!

आणि आणखी एक. सुटे घटक का, तर चिकटवायला वापरायचा डिंकच अतिनील खातो. कॅनडा बाल्सम असो की नंतरची रसायनं. क्वार्ट्झच्या भिंगात म्हणूनच सगळीकडे हवेची फट.

रानफूल

पण दादा, माझ्या एल-निक्कॉरमध्ये चिकटवलेल्या जोड्या आहेत. तरी ३६५ ला मस्त चालतं.

प्रकाशमापी

दोघंही बरोबर. डिंक पातळ असतो. ३६५ ला काही डिंक जवळजवळ पारदर्शक असतात, ३००च्या खाली मात्र खेळ खलास. "चिकटवलेलं म्हणजे वाईट" हा नियम २५० नॅनोमीटरवाल्यांसाठी, उन्हात फिरणाऱ्यांसाठी नाही. तसंच कोटिंगचं. आधुनिक बहुपदरी कोटिंग दृश्य प्रकाशासाठी जुळवलेलं असतं, ४०० च्या खाली ते उलट प्रकाश परत फेकू शकतं. म्हणून जुनी एकपदरी भिंगं बरी पडतात. पण सगळ्यात मोठा खलनायक काचेचा प्रकार. जड फ्लिंट, लॅन्थॅनम वगैरे काचा असतील तर कोटिंग कसंही असो, भिंग अंध.

जाता जाता: थोरियम काचेची जुनी वेगवान भिंगं (सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ सारखी) वयाने पिवळी पडतात आणि अतिनील दिव्याखाली ठेवली की पुन्हा निवळतात. अतिनीलाने बरी होणारी ही भिंगं अतिनील फोटोसाठी मात्र निरुपयोगी. निसर्गाचा विनोद.

काचवेडा

हा हा, हे भारी.

'अपघाताने चांगल्या' निघालेल्या भिंगांबद्दल थोडं. ३५ मिमी एफ/३.५ ची काही जुनी प्रीसेट भिंगं, जी असंख्य वेगवेगळ्या नावांनी विकली गेली, त्यांचा या मंडळींत मोठा बोलबाला आहे. चार सुटे घटक, साध्या काचा, पातळ कोटिंग. अडचण अशी की तसंच दिसणारं पण आतून वेगळं भिंगही बाजारात आहे आणि नावावरून काहीच कळत नाही. नोव्होफ्लेक्सचं नोफ्लेक्सार ३५ मिमी एफ/३.५ सुद्धा याच कामाचं, आणि ते फार जवळ फोकस होतं हा जादा फायदा. स्टाइनहाइलचं कासार एस ५० मिमी एफ/२.८, तीन घटकांचं. तीन घटकांची एन्लार्जरची भिंगंही. तीन घटक म्हणजे काच कमी, काच कमी म्हणजे अतिनील जास्त, एवढं ढोबळ सूत्र चालतं.

जुनं भिंग घेताना माझी पद्धत: आधी ३६५ ची टॉर्च (फिल्टर असलेली, नाहीतर जांभळा दृश्य प्रकाशच बघत बसाल) मागून भिंगातून पाडायची आणि पुढे प्रतिदीप्त होणारा कागद धरायचा. भिंग असताना आणि नसताना चमक किती फरकाने कमी होते ते पाहायचं. हे फक्त ३६५ चं उत्तर देतं, ३४० चं नाही. पण नापास भिंग जागच्या जागी कळतं. पास झालं तर खरी परीक्षा कॅमेऱ्यावर: ओळखीच्या भिंगाशेजारी तेच दृश्य, तोच फिल्टर, तेच अपर्चर, आणि किती स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) मागे पडतं ते बघायचं.

चित्रवैद्य

पेशाने चित्रांच्या संवर्धनाशी संबंध आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे परावर्तित अतिनीलाचा उपयोग पांढऱ्या रंगाची ओळख पटवायला होतो. झिंक व्हाइट आणि टायटॅनियम व्हाइट अतिनील शोषतात, फोटोत गडद येतात. लेड व्हाइट बऱ्यापैकी परावर्तित करतो, उजळ येतो. तीनही डोळ्यांना पांढरेच! जुन्या चित्रावर नंतर कोणी डागडुजी केली असेल तर एका फोटोत उघडी पडते. वार्निशचा थर जाड असेल तर मात्र तोच सगळं गिळतो आणि खालचं काही दिसत नाही.

इथे मला काचवेडांचं फोकसबद्दलचं म्हणणं शंभर टक्के पटतं. आम्ही एकाच चित्राचे दृश्य, अतिनील आणि अवरक्त असे फोटो काढून एकावर एक ठेवतो. प्रत्येक वेळी फोकस फिरवलं तर प्रतिमेचा आकारही किंचित बदलतो आणि रेषा जुळत नाहीत. अशा कामाला फोकस न हलणारं भिंग ही चैन नाही. तिथे सूर्यही नसतो, दिवे आपले असतात.

काचवेडा

चित्रवैद्य, नेमकं. म्हणजे ज्यांना लागतं त्यांना खरंच लागतं. तळघर, बघा, तुमच्या डब्यातलं भिंग यांना द्या. :)

तळघर

डब्याला हात लावायचा नाही.

शंकासूर

कॅमेरा फुल स्पेक्ट्रम करून घ्यायचं ठरवलंय. भिंग म्हणून जुनी एन्लार्जर लेन्स बघतोय. फिल्टर कोणता?

रानफूल

इथे कंजूषी करू नका. भिंगावर करा, फिल्टरवर नको.

कारण असं: सेन्सरला अवरक्त प्रकाश अतिनीलपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. आणि उन्हात अतिनील मुळातच थोडा. फिल्टरमधून अवरक्ताचा एक बारीक झिरपा जरी आला तरी तो तुमच्या अतिनील चित्रावर स्वार होतो आणि तुम्हाला कळतही नाही. शॉटच्या यूजी-११ किंवा होयाच्या यू-३४० या काळ्या दिसणाऱ्या काचा अतिनील सोडतात, पण ७०० नॅनोमीटरच्या आसपास त्यांनाही गळती असते. म्हणून त्यांच्या जोडीला एस-८६१२ सारखी निळसर काच लावायची, जी अवरक्त अडवते. अशी दोन काचांची जोडी मी वापरते. दुसरा मार्ग बाडर कंपनीचा यू फिल्टर. तो मुळात शुक्राचे फोटो काढणाऱ्या खगोलवाल्यांसाठी बनलेला, एकाच काचेवर पातळ थरांचं काम. ३५० च्या आसपास माथा.

गळती ओळखायची सोपी खूण म्हणजे झाडाची पानं. अतिनीलमध्ये पानं काळी, अवरक्तात पांढरी. पानं उजळ दिसली की समजायचं, फिल्टर फसवतोय.

प्रकाशमापी

+१. पक्की परीक्षा हवी असेल तर अतिनील फिल्टरवर आणखी एक अवरक्त फिल्टर (७२० नॅनोमीटरच्या वरचंच सोडणारा) चढवा आणि तेच एक्स्पोजर द्या. चित्र पूर्ण काळं यायला हवं. काही दिसलं तर तेवढी गळती.

थरांच्या फिल्टरची एक खोड: किरण तिरके आले की त्याची पट्टी छोट्या तरंगलांबीकडे सरकते. म्हणून रुंद कोनाच्या भिंगावर कडांना वेगळाच रंग येतो. १०५ मिमीवर कळत नाही, २४ मिमीवर डोळ्यात भरतं. आणि तो फिल्टर उलटासुलटा लावू नका, चकचकीत बाजू वस्तूकडे ठेवतात. एस-८६१२ च्या काचेची खोड वेगळी, दमट हवेत तिच्यावर धुरकट थर येतो. कोरड्या डबीत ठेवा.

ग्रहगोल

शुक्राचं नाव निघालं म्हणून आलो. :)

शुक्र दुर्बिणीतून नुसता पांढराशुभ्र, कंटाळवाणा. १९२७ मध्ये फ्रँक रॉस यांनी माउंट विल्सनवरून अतिनीलमध्ये फोटो घेतले आणि ढगांत काळे पट्टे सापडले. पुढे चार्ल्स बोयर यांनी असेच पट्टे पाहून ढग चार दिवसांत ग्रहाला फेरी मारतात असं सांगितलं. मरिनर १० ने १९७४ मध्ये जवळून जाताना काढलेले शुक्राचे प्रसिद्ध फोटो अतिनीलमधलेच. जपानच्या अकात्सुकी यानाचा अतिनील कॅमेरा २८३ आणि ३६५ नॅनोमीटर या दोन पट्ट्यांत पाहायचा. त्यातला एक सल्फर डायऑक्साइडसाठी, दुसरा ढगांतल्या अतिनील शोषणाऱ्या पदार्थासाठी, जो नेमका कोणता यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत.

आता तुमच्या वादावर माझं मत: भिंगच नको! न्यूटोनियन दुर्बिणीत सगळं आरशांवर. अॅल्युमिनियमचा आरसा अतिनील छान परतवतो आणि आरशात रंगदोष नसतोच, म्हणजे फोकस हलण्याचा प्रश्नच मिटला. मध्ये बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावली तर मात्र काच आली, मग ती कसली काच ते बघावं लागतं.

प्रकाशमापी

आरशावरून वूड आठवला. रॉबर्ट वूड यांनी १९१० मध्ये अतिनील आणि अवरक्त फोटो प्रसिद्ध केले, या छंदाचे आजोबाच म्हणा. त्यांनी चंद्राचेही अतिनील फोटो काढले आणि अरिस्टार्कस विवराजवळ एक गडद डाग सापडला, जो साध्या फोटोत दिसत नाही. फिल्टर कसला? क्वार्ट्झच्या भिंगावर चांदीचा पातळ मुलामा. चांदी दृश्य प्रकाश परत फेकते, पण ३२० नॅनोमीटरच्या आसपास तिची चमक एकदम ढासळते आणि तेवढ्या अरुंद फटीतून अतिनील आत शिरतो. भिंग आणि फिल्टर एकच वस्तू! आज कोणी हे करत नाही, पण कल्पना मला फार आवडते.

तळघर

असं भिंग मिळालं तर मी वापरीनसुद्धा.

रानफूल

निसर्गदृश्यांबद्दल कोणी बोललं नाही. मी फुलांचीच माणूस, पण एकदोनदा डोंगर काढले. लांबचे डोंगर गायबच होतात.

प्रकाशमापी

होणारच. हवेतलं विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. ५५० आणि ३६५ ची तुलना केली तर अतिनील पाचपटीहून जास्त विखुरतो. आकाश पांढरं, सावल्या मऊ, क्षितिजाशी धुकं. जुन्या फिल्मवाल्यांनी भिंगापुढे 'यूव्ही फिल्टर' लावायचे ते याच धुक्याला कापायला. आपण तेच धुकं मुद्दाम गोळा करतोय. माणसांचे चेहरे काढून बघा, त्वचेखालचे डाग आणि चट्टे डोळ्यांना दिसत नाहीत असे वर येतात, आणि सनस्क्रीन लावलेला भाग रंग फासल्यासारखा काळा. समोरच्याची परवानगी मात्र घ्या, त्या फोटोत कोणीच सुंदर दिसत नाही.

काचवेडा

घरात काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण पुढे कोणीतरी विचारणारच. फ्लॅशची झेनॉन नळी भरपूर अतिनील देते, पण तिच्यापुढचं प्लास्टिक किंवा नळीवरचा थर ते अडवतो. लोक फ्लॅश उघडून ते प्लास्टिक काढतात. फ्लॅशमधला कपॅसिटर बंद केल्यावरही झटका देण्याइतका भरलेला राहतो, आणि तो झटका जिवावर बेतू शकतो. ज्याला इलेक्ट्रॉनिक्सची सवय नाही त्याने उघडू नये. निकॉनने यूव्ही-निक्कॉरच्या जोडीला एसबी-१४० नावाचा अतिनील-अवरक्त फ्लॅशच काढला होता, वेगवेगळ्या फिल्टरसकट. तो मिळणं भिंगापेक्षा अवघड. आणि जंतू मारायचे २५४ नॅनोमीटरचे दिवे फोटोसाठी वापरायचा मोह अजिबात नको. डोळे आणि त्वचा दोन्ही भाजतात, आणि तुमच्या सेन्सरला ते दिसतही नाही. ३६५ च्या टॉर्चकडेही थेट बघू नका. अतिनील अडवणारा चष्मा घाला.

चित्रवैद्य

याला जोरदार अनुमोदन. चष्म्यावर कंजूषी नको.

रंगांबद्दल कोणीतरी लिहावं. अतिनील चित्रातले पिवळे-निळे रंग खरे का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो.

काचवेडा

खरे नाहीत. तिथे आपल्या डोळ्यांना रंगच नाही, मग खरा कुठून येणार? सेन्सरच्या लाल-हिरव्या-निळ्या जाळीतून अतिनील थोड्या वेगवेगळ्या प्रमाणात गळतो आणि त्या फरकाला सॉफ्टवेअर रंग देतं. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) पांढरा तुकडा (सगळा अतिनील जवळजवळ सारखा परतवतो) दृश्यात ठेवून त्यावर व्हाइट बॅलन्स केला की निळसर आणि पिवळट अशी जोडी उरते. सगळ्यांनी एकच पद्धत ठेवली तर एकमेकांच्या फोटोंची तुलना करता येते, इतकाच त्या रंगांचा अर्थ. साधा पांढरा कागद यासाठी वापरू नका, कागदातली उजळवणारी रसायनं अतिनील गिळतात. आणि मधमाशीला असंच दिसतं असं खाली लिहू नका, प्लीज. तिचे डोळे वेगळे, तिचा मेंदू वेगळा.

रानफूल

काचवेडा, मला अजूनही एक सांगा. तुमच्याकडे दोन्ही प्रकारची भिंगं आहेत. फुलांच्या फोटोत, एफ/११ ला, लाइव्ह व्ह्यूवर फोकस करून, माझा एल-निक्कॉर आणि यूव्ही-निक्कॉर यांत फरक दिसेल?

काचवेडा

मध्यभागी फारसा नाही. कडांना थोडा. अतिनीलची तरंगलांबी छोटी असल्यामुळे एफ/११ ला विवर्तनाचा (बारीक छिद्रातून प्रकाश पसरून चित्र मऊ होण्याचा) त्रासही दृश्य प्रकाशापेक्षा कमी. खरा फरक हातात जाणवतो. यूव्ही-निक्कॉर ०.४८ मीटरपर्यंत फोकस होतं, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्याच्या निम्म्या आकारात येईपर्यंत, कुठली नळी नको, हेलिकॉइड नको. फिल्टरचा आटा ५२ मिमी, नेहमीचा. तुम्ही हेलिकॉइड फिरवेपर्यंत मी पुढच्या फुलाकडे गेलेलो असतो. पण फोटो शेजारी ठेवले तर कोणता कशाचा हे ओळखायची पैज मी लावणार नाही.

तळघर

हे बोलून तुम्ही माझ्या संग्रहाची किंमत पाडलीत. तरी सांगतो, पुढे रेफॅक्ट या नावाने यूव्ही-निक्कॉरचीच रचना पुन्हा बाजारात आली. ज्या भिंगाची गरजच नाही ते कोणी पुन्हा कशाला बनवेल?

प्रकाशमापी

कारण कारखान्यात, सेमीकंडक्टरच्या तपासणीत, वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्या शोधताना ३००च्या खालचंही पाहावं लागतं. तिथे खास सेन्सर असतात. त्यांना क्वार्ट्झशिवाय पर्याय नाही. आपण त्यांच्या ताटातलं उचलून फुलं काढतोय.

शंकासूर

मंडळी, कॅमेरा आला, फिल्टरची जोडी आली, एन्लार्जरची लेन्स लावली (नव्या पद्धतीची, प्लास्टिकची कडी असलेली). पानं काळी येताहेत, म्हणजे गळती नाही ना? अवरक्ताची परीक्षाही केली, पण तिथे चित्र पूर्ण काळं नाही. खालच्या बाजूला एक फिकट पट्टा दिसतो. प्रत्येक फोटोत त्याच जागी.

रानफूल

दृश्य बदललं तरी त्याच जागी?

शंकासूर

हो. लेन्सवर टोपी घातली तरी उन्हात येतोच. घरात अंधारात नाही.

काचवेडा

मग फिल्टर निर्दोष आहे. ही लेन्सच्या बाजूने येणारी गळती. एन्लार्जरच्या नव्या लेन्समध्ये अपर्चरचे आकडे अंधारात उजळावेत म्हणून अंगात एक बारीक पारदर्शक खिडकी असते. डार्करूममध्ये ती एन्लार्जरच्या दिव्याचा प्रकाश आकड्यांपर्यंत न्यायची, आता उन्हात उलटा प्रकाश त्याच वाटेने कॅमेऱ्यात जातो. मागच्या बाजूने कडीजवळ बघा, एक छोटा चौकोन दिसेल. त्यावर काळी टेप लावा, अपर्चर फिरायला अडथळा येणार नाही इतपत. अॅडॉप्टरच्या जोडावरही एक फेरी मारा, स्वस्त हेलिकॉइडमधून कधी कधी प्रकाश शिरतो.

शंकासूर

सापडला चौकोन! टेप लावली, टोपी घालून उन्हात पुन्हा फोटो घेतला, पूर्ण काळा. धन्यवाद सगळ्यांना. उद्या रुडबेकिया.

तळघर

टेप कसली लावलीत? गोंद मागे राहणारी नको. कापडी, फोटोवाल्यांची असते ती लावा. लेन्स साधी असली म्हणून काय झालं.